पाव फेरी

४ मार्च

प्रिय बारके,

पत्राला उशीर झाला. कारण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. घाबरू नकोस. माझ्या डाव्या पायाला पिंजरा बसवलाय.

हो, तोच. तुझ्या पायाला होता तसाच. नडगीभोवती लोखंडी कड्या, हाडातून आरपार गेलेल्या तारा, कड्यांना जोडणाऱ्या चार दांड्या आणि दांड्यांवरचे नट. हसायचं असेल तर हसून घे. भूल उतरली आणि पायाकडे लक्ष गेलं तेव्हा मीही हसले होते. नर्सला वाटलं, औषध डोक्यात गेलं.

नोव्हेंबरात मी तुला लिहिलं होतं, "पाय जरा मुरगळलाय." ते खोटं होतं. बाजाराच्या गल्लीत मालाचा एक टेम्पो मागे येत होता, आणि ड्रायव्हरने मला भिंतीशी चेपलं. हाड मोडलं, जखम चिघळली, हाडात पू झाला. शेवटी डॉक्टरांनी नडगीचा सहा सेंटिमीटरचा कुजका तुकडा कापून टाकला. आता ती पोकळी भरायची आहे. त्यासाठी गुडघ्याखाली चांगलं हाड मुद्दाम कापलंय, आणि तो सुटा झालेला भाग रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. तो सरकतो तसं त्याच्या मागे नवं हाड धरतं. साठ दिवसांनी तो खालच्या टोकाला भिडेल. तुझा पाय लांब करायचा होता, माझा नुसता भरून काढायचाय. बाकी कारभार तोच. प्रत्येक नटाला पाव फेरी, दिवसातून चार वेळा.

फेऱ्या आई देते. मला वाकता येत नाही आणि मागचे दोन नट दिसतही नाहीत. सत्तरी उलटली तिची, एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, पण पाना हातात घेतला की बाई सरळ होते. प्रत्येक नटाच्या एका कडेला तिने नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिलाय. रंग कुठून आणला विचारलं तर म्हणे, "होता." सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आणि हात अजून तसाच आहे, जड. लाँड्रीत तीस वर्षं इस्त्री दाबली त्याचं वजन अजून मनगटात आहे. मी ओरडते, ती थांबत नाही.

गंमत सांगते. भिंतीवर दवाखान्याचा तक्ता लावलाय, रोजचे चार चौकोन. फेरी झाली की टिक करायची. मी म्हटलं, "टिक तरी मला करू दे, तेवढाच विरंगुळा." तर पेन देत नाही. स्वतःच्या पदराला बांधून ठेवलंय. मी काय शाळेतली पोर आहे?

मशीन बंद आहे. सात गिऱ्हाइकांचे कपडे कापून पडलेत आणि पाय नसला की शिंपिणीला कोणी विचारत नाही. एवढंच. हे पत्र आईच पेटीत टाकेल, मला जिना उतरता येत नाही. पाकिटावरचा तुझा पत्ता ती दरवेळी वाचते. काल विचारत होती, "तिच्याकडे आत्ता किती वाजले असतील?"

तुझी,
ताई

२२ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं, आणि त्यातली अडीच आईवर.

तू म्हणतेस, उठ आणि माझ्याकडे ये. अगं, मला न्हाणीघरापर्यंत जायला वॉकर लागतो, मी विमानात कुठे बसू? तू म्हणतेस, फेऱ्या द्यायला बाई ठेव. तू म्हणतेस, "जिने माझा पाय बिघडवला तिच्या हातात तुझा पाय देऊ नकोस, ताई, मी हात जोडते." हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. पत्र उशीखाली ठेवलंय, आईला सापडू नये म्हणून. तिला सापडणार नाही असं नाही. उशीचे अभ्रे तीच बदलते.

तुझ्या वेळचं मला सगळं आठवतं. तू पंधराची, मी बावीसची. लहानपणी हाडात पू झाला आणि तुझा उजवा पाय वाढायचा थांबला, तो डाव्यापेक्षा पाच सेंटिमीटर कमी. पाच सेंटिमीटर म्हणजे मोच्याकडून बुटाला चढवून घेतलेला तो काळा तळ. वर्गातली पोरं त्याला "वीट" म्हणायची. तुला बाकी काही नको होतं. दुकानात जाऊन काचेमागचा जोड दाखवायचा आणि तो तसाच पायात घालून बाहेर पडायचं, एवढंच हवं होतं. पन्नास दिवसांचं काम होतं.

आई सकाळच्या आणि दुपारच्या फेऱ्या देऊन लाँड्रीत जायची, रात्री दहाला परत यायची. संध्याकाळच्या आणि रात्रीच्या माझ्याकडे. तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, तोंडावर उघडं पुस्तक. रोज रात्री मी शिवणाची फीत घेऊन तुझा पाय मोजायचे, आठवतं? तू विचारायचीस, "किती?" आणि मी सांगायचे.

जाऊ दे ते. आता त्याचं काय?

तुला वाटतं तसा माझा पाय बिघडत नाहीये. दुखतो खूप, आणि झोप लागत नाही. दिवसभर पडून माणूस इतकं दमतं हे मला माहीत नव्हतं. पण नट बरोबर सरकतात, ठिपके बघितले की कळतं. आईला तू उगाच घालूनपाडून बोलतेस. एवढं लिहून थांबते, कारण पाच वाजत आलेत आणि ती हात धुतेय.

तुझी,
ताई

२ एप्रिल

प्रिय बारके,

आज एक्स-रे झाला. ज्या जागी काही नव्हतं तिथे धूर दिसतोय. डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरून दाखवली. वरचं हाड, खालचा तुकडा आणि मधे फिकट पांढरट रेघा, कापडाचे ताणलेले धागे असावेत तशा. म्हणाले, हेच नवं हाड. आत्ता दोरीइतकं मऊ आहे, अजून पाच-सहा महिन्यांत कडक होईल, तोवर पिंजरा ठेवायचा.

मग म्हणाले, "फेऱ्या कोण देतं? इतकं सरळ आणि सारखं काम क्वचित बघायला मिळतं. यात घाई केली तर हाड धरत नाही, रेंगाळलं तर अर्ध्यातच जुळून बसतं आणि पुढे सरकत नाही. नेमाने देणारा हात लागतो."

मी आईकडे बोट दाखवलं. कोणीही खूश झालं असतं. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. तिचा हात पदराला होता, पेन बांधलंय तिथे.

घरी येताना रिक्षात ती पदराची गाठ चाचपत होती. बारके, मला तुला काहीतरी सांगायचं होतं, पण आता हात भरून आलाय. पुढच्या वेळी.

तुझी,
ताई

१० एप्रिल

बारके,

कोणाला विचारून तू दवाखान्याला पत्र लिहिलंस?

मला माहीत आहे, काळजीने लिहिलंस. तुझी काळजी विमानाने आली आणि थेट नर्सच्या टेबलावर उतरली. काल ड्रेसिंगला गेलो तर तिने ते पत्र काढून माझ्यासमोर, आईसमोर वाचलं. "पूर्वी याच बाईंच्या हातून माझ्या पायाच्या फेऱ्यांत चूक झाली होती आणि माझा पाय कायमचा तोकडा राहिला. माझ्या बहिणीच्या बाबतीत तसं होऊ नये." नर्स चांगली आहे गं, ओशाळली होती. म्हणाली, "आजी, राग मानू नका. तुमचं वय, तुमचा डोळा, आम्हालाही जरा धास्ती होतीच. आता असं लेखी आल्यावर आम्हाला दुर्लक्ष करता येत नाही. ताईंना आरसा धरून स्वतः करता येईल."

आईने पिशवीतून पाना काढला. ती तो रुमालात गुंडाळून नेते. रुमाल सोडला, पाना पुसला आणि टेबलावर ठेवला. मग पदराची गाठ सोडून पेनही ठेवलं.

"राग कशाचा?" म्हणाली. "पोरीने बरोबरच लिहिलंय."

मी काय केलं, विचार. मी माझ्या गुडघ्यावरची पट्टी नीट करत बसले.

नर्सने पाना माझ्या हातात दिला आणि पेनही. आता दोन्ही माझ्याकडे आहेत. तुला हवं होतं तसं झालं.

ताई

१३ एप्रिल

बारके,

आज खाली 'तुझी' लिहीत नाही. वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते तूच ठरव.

तीन दिवस मी माझे नट स्वतः फिरवतेय. पुढचे दोन हाताला येतात. मागच्या दोनांसाठी, गिऱ्हाइकं ज्यात स्वतःला बघतात तो आरसा खुर्चीला टेकवून ठेवलाय. पहिल्या दिवशी चारही वेळा नीट केलं. परवा केलं, पण दर नटाला थांबत थांबत, रडत. काल संध्याकाळी पाच वाजता पाना नटाला लावला, जागच्या जागी मागेपुढे हलवला, टक् असा आवाज केला आणि तक्त्यावर टिक केली. लाल ठिपका होता तिथेच होता.

टिक केल्यावर मी कितीतरी वेळ घड्याळाकडे बघत बसले. पंचेचाळीस वर्षांची बाई. पाय माझा, हाड माझं, घरात विचारणारं कोणी नाही. मग फसवलं कोणाला? पण हाताला ते येत होतं. तेवीस वर्षांपूर्वी तो शिकला होता.

तुझा पाय आईने बिघडवला नाही. मी बिघडवला.

आता सगळं लिहिते, मला मधे थांबवायला इथे कोणी नाही. पहिले चौदा दिवस मी नीट फेऱ्या दिल्या. चौदाव्या दिवशी तपासणी झाली, चौदा मिलिमीटर, डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि ते तीन आठवडे बाहेरगावी गेले. पंधराव्या दिवशी संध्याकाळी तू उशी चावत होतीस. म्हणालीस, "ताई, आज नको. पाया पडते, आज नको." मी म्हटलं, "बरं, अगदी हळू देते." पाना लावला, टक् केलं, आणि फिरवला नाही. तू पुस्तकाखालून म्हणालीस, "ताई, तुझा हात किती हलका आहे गं. मला कळलंसुद्धा नाही."

मग रात्री नऊलाही तेच केलं. दुसऱ्या दिवशीही.

एकवीस दिवस, दिवसाला दोन. बेचाळीस खोट्या टिका माझ्या हाताच्या आहेत. सकाळी आणि दुपारी आई खऱ्या फेऱ्या द्यायची, तुला खरं दुखायचं, तू तिच्यावर किंचाळायचीस, "ताईकडून शीक जरा!" ती मान खाली घालून पुढचा नट धरायची. मी दाराशी उभी राहून हे ऐकायचे, आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला फार जड जातंय, पण वाटायचं. घरात मला कोणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आई कामाला जुंपलेली, बाबा गेलेले, मी शाळा सोडून कपडे शिवणारी. आणि घरातली एकुलती एक हुशार पोर म्हणते, ताईचा हात हलका. पहिल्या दिवशी मला तुझी दया आली होती, ते खरं आहे. पुढचे वीस दिवस दया नव्हती. ते वाक्य मला रोज ऐकायचं होतं.

मला कळत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही. मी शिंपीण. रोज रात्री फीत लावत होते. तुझा पाय निम्म्या चालीने वाढत होता हे डॉक्टरांच्या आधी मला माहीत होतं. तू विचारायचीस, "किती?" मी आकडा वाढवून सांगायचे. मनात म्हणायचे, डॉक्टर यायच्या आत दोन-दोन फेऱ्या देऊन भरून काढीन. मग घाईने हाड धरणार नाही याची भीती वाटली, आणि तेही केलं नाही.

पस्तिसाव्या दिवशी डॉक्टर आले. तक्ता सांगत होता पस्तीस, कड्यांमधलं अंतर सांगत होतं जेमतेम पंचवीस, आणि मधलं हाड जुळून घट्ट बसलं होतं. आता नट फिरवले तरी हाड सुटणार नव्हतं. ते म्हणाले, "तक्ता आणि पिंजरा जुळत नाही. फेऱ्या कोण देतं?"

मी तुझ्या पलंगाच्या मागे उभी होते. हातात एक्स-रेचं पाकीट. तोंड उघडलं होतं, शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. आई म्हणाली, "मीच देते. मोजण्यात माझी गफलत झाली असणार."

डॉक्टर तिला काय काय बोलले ते तू ऐकलंस. तू स्वतः तिला काय बोललीस तेही मला आठवतं. "परत कापून घेणार नाही," म्हणालीस, "या बाईच्या हातात परत पाय देणार नाही." आणि दिला नाहीस. विसाव्या वर्षी ती अडीच सेंटिमीटरची वीट पायात घालून तू घरातून निघालीस आणि तिच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाहीस. मला मात्र दर महिन्याला पत्र लिहिलंस. वाढदिवसाला स्वेटर पाठवलास. प्रत्येक पत्राच्या शेवटी "माझ्या हलक्या हाताच्या ताईला." अठरा वर्षं मी ते वाचून घडी घालून ठेवत आले.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. मला फक्त तुला हे सांगायचं होतं की ज्या हाताने दुखलं तो हात बरोबर होता.

ताई

१५ एप्रिल

मागचं पत्र पाकिटात घालून एक दिवस मशीनच्या खणात ठेवलं होतं. मला जिना उतरता येत नाही, पेटीपर्यंत न्यायला आईशिवाय कोणी नाही. म्हणजे तिच्याविषयी जे तिला सांगितलं नाही ते तुला सांगायचं, आणि पोचवायला तिलाच द्यायचं. हे मला जमेना.

काल दुपारी बाराला तिला हाक मारली. पाना पुढे केला. म्हटलं, "आई, तू दे. मी परवा संध्याकाळची फेरी दिली नाही, आणि टिक केली."

तिने पाना घेतला. चष्मा लावला, ठिपका बघितला, तक्ता बघितला. ती टिक खोडली. पेन पदराला बांधलं.

मी विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"डॉक्टरांनी अंतर मोजलं तेव्हा कळलं. दहा मिलिमीटर कमी. माझ्या फेऱ्या मी मोजून दिल्या होत्या. उरल्या कोणाच्या?"

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

तिने पहिला नट धरला. "ती पलंगावर पडून ऐकत होती. तिच्या पायाचं वाटोळं झालं होतं, त्यात तुझं नाव घेतलं असतं तर तिच्याजवळ कोण उरलं असतं? माझ्यावर तर ती आधीच चिडलेली होती." मग पाव फेरी दिली. मी ओरडले. "आणि मला वाटलं, दोन-चार दिवसांत तू होऊन सांगशील. वाट बघितली. मग ती गेली. मग कशाला विषय काढायचा?"

"तेवीस वर्षं?"

"दुसरा नट," ती म्हणाली. "हलू नकोस."

चारही झाल्यावर खणातलं पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते हातावर तोललं.

"जाड आहे."

"हो."

"मग तिकिटं जास्त लागतील," म्हणाली, आणि चपला घालून गेली. ही चिठ्ठी त्यामागून पाठवतेय. दवाखान्यात फोन करून नर्सला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, आजींनाच देऊ द्या, आणि राहिलेली एक फेरी शेवटी जोडू.

ताई

२९ एप्रिल

बारके,

फोनवर आपल्या दोघींना कधी बोलता आलं नाही, दोन मिनिटांत "बरं, ठेवते" येतं. म्हणून काल सकाळी फोन वाजला तेव्हा तुझा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आईने उचलला. "हॅलो" म्हणाली. मग पायाने खुर्ची ओढली आणि बसली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, कोणीतरी गेलं.

मग म्हणाली, "हो. मीच बोलतेय."

त्यानंतर ती ऐकत होती. मला तुझा आवाज नुसता बारीक ऐकू येत होता, शब्द नाही. एकदा म्हणाली, "नाही गं, नाही." एकदा म्हणाली, "ते झालं आता." एकदा डोळ्यावरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. आणि एकदम विचारलं, "बुटाला तळ कोण लावून देतं तिकडे? नीट लावतो का?" इतक्या वर्षांनी पहिला प्रश्न तो. बारा मिनिटं झाली. मी घड्याळ बघत होते.

शेवटी मी हात पुढे केला होता. आईने फोन ठेवला.

"मला नाही दिलास?"

"तुला मागितलं नाही तिने," आई म्हणाली.

बरोबर केलंस. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. मला वाईट वाटलं, फार वाटलं, दिवसभर वाटत राहिलं. पण तुझ्या बारा मिनिटांतलं एकसुद्धा माझं नव्हतं. मला कधी उत्तर पाठवावंसं वाटलं तर पाठव, नाही वाटलं तर नको. आईला मात्र फोन करत जा. सकाळी दहानंतर कर, त्याआधी ती माझ्या पट्ट्या बदलत असते.

आई हात धुऊन आली. बारा वाजले होते. पाना काढला, रुमाल सोडला. आता तीनच दिवस राहिलेत, खालचं टोक जवळ आलंय आणि दुखणं काही कमी नाही.

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"मला विचारत होती, तुझा हात अजून तसाच जड आहे का."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, येऊन बघ."

पहिला नट, दुसरा, तिसरा. चौथ्याला मी नेहमीसारखी ओरडले आणि ती नेहमीसारखी थांबली नाही. मग पदराची गाठ सोडून पेन काढलं. तक्त्याकडे वळली, आणि वळता वळता थांबली. तक्ता भिंतीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"कर," म्हणाली.

मी आधी आरशात वाकून चारही ठिपके बघितले. पुढे सरकले होते. मग टिक केली.

ताई